चॅनल स्ट्रिपवर ख्यालगायन कसे रेकॉर्ड करावे

मोठ्या मिक्सिंग कन्सोलमधली एक पट्टी वेगळी काढून १९ इंची रॅकमध्ये आडवी बसवली की झाली चॅनल स्ट्रिप. तिच्यात प्रीअ‍ॅम्प, इक्यू आणि कॉम्प्रेसर हे मुख्य भाग असतात: पहिला माइकचा बारीक सिग्नल वाढवतो, दुसरा खर्ज-टीप कमीजास्त करतो, तिसरा मोठा आवाज दाबतो. काहींत गेट आणि डी-एसरही असतात. तिच्यावर आवाज कसा घ्यावा याचे बहुतेक सल्ले पॉप गाण्यासाठी दिलेले असतात. इंदूरला माझ्याकडे गायला येणारे मात्र तानपुरा घेऊन येतात. त्यांच्यासाठी ते सल्ले बाजूला ठेवा.

माइक, स्टँड, ४८ व्होल्टचा फँटम (माइकला केबलमधूनच मिळणारी वीज) हे तुम्हाला येतेच. रॅक आणि संगणक एकाच बोर्डवरून चालवा. परदेशातून आणलेली स्ट्रिप असेल तर व्होल्टेज स्विच २३० वर आहे का, ते सुरू करण्याआधी पाहा. घरघर आली की प्लगची तिसरी पिन काढायला सांगणारे भेटतील. त्यांचे अजिबात ऐकू नका, अर्थिंग जीव वाचवण्यासाठी असते. आधी सगळ्या केबल बॅलन्स्ड (घरघर रोखणाऱ्या, दोन सिग्नल तारांच्या) आहेत का ते तपासा. तरीही घरघर राहिली तर सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा.

स्ट्रिपचे आउटपुट इंटरफेसच्या (आवाज संगणकात नेणाऱ्या डब्याच्या) लाइन इनपुटलाच द्या. दोन्ही प्रकारच्या पिना घेणाऱ्या कॉम्बो सॉकेटमध्ये एक्सएलआर (माइकची तीन पिनांची केबल) घातली की बहुतेक इंटरफेसवर सिग्नल पुन्हा एका माइक प्रीअ‍ॅम्पमधून जातो. माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो आणि स्ट्रिपमधून निघणारा +४ डीबीयूचा सिग्नल सुमारे १.२३ व्होल्टचा. आवाज फाटतो, आणि खापर बिचाऱ्या स्ट्रिपवर फुटते. टीआरएस केबल (तीन संपर्कांच्या जॅकची) वापरा.

लेव्हल लावताना ‘हॅलो, चेक’ नको. गायक आलापाने सुरुवात करतो आणि लेव्हल आलापावर लावली तर अर्ध्या तासाने द्रुत तानेत सगळे लाल होते. मी सरळ सांगतो, “बुवा, आधी तार सप्तकातली सगळ्यात जोरकस तान घ्या.” ती उणे ८ ते उणे १० डीबीएफएसवर (शून्य म्हणजे डिजिटलची कमाल मर्यादा) थांबली पाहिजे. मग आलाप उणे २५ च्या आसपास दिसेल. दिसू द्या. २४ बिटमध्ये काही बिघडत नाही. मीटर सतत वरच्या टोकाला ठेवण्याची सवय टेपच्या काळातली आहे, तिथे टेपची सरसर झाकायची असायची.

लो-कट फिल्टर (ठरलेल्या मर्यादेखालचे खालचे सूर कापणारा) डोळे मिटून ८० हर्ट्झवर लावू नका. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर असतो, मंद्र षड्ज ६९ वर. ८० चा फिल्टर खर्जाचा पायाच कापतो. इंदूरला तर हे मुळीच चालणार नाही. उस्ताद अमीर खाँ साहेबांची गायकी इथली, आणि त्या वळणाने गाणारे मंद्रात बराच वेळ रमतात. पुरुष आवाजाला फिल्टर ५० वर ठेवा किंवा बंद करा. काळी चार-पाचमध्ये गाणाऱ्या ताईंना ८० चालतो.

आता कॉम्प्रेसर. खरी अडचण इथेच आहे, आणि ती कानाला पकडता यायला मलाही वेळ लागला. पॉपमध्ये ४:१ रेशो (मर्यादेच्या वर आवाज चार डीबी वाढला तर बाहेर एकच डीबी वाढतो) आणि सहा-आठ डीबीचे गेन रिडक्शन, म्हणजे दाबणे, सर्रास असते. तिथे गायक एकटा काचेआड उभा असतो. इथे त्याच माइकमध्ये तानपुरा आहे, आणि तो क्षणभरही थांबत नाही. गायकाने तार षड्जावर जोर दिला की कॉम्प्रेसर आवाजाला आठ डीबी दाबतो, त्याच्याबरोबर तानपुराही तेवढाच दबतो. गायक श्वासासाठी थांबला की तानपुरा फुगून वर येतो. मेकअप गेन (दबलेला आवाज पुन्हा वाढवणे) दिलेला असेल तर पंखा आणि रस्त्यावरचे हॉर्नसुद्धा त्याच्यासोबत येतात. नुसता आवाज ऐकत बसलात तर हे कळत नाही, उलट आवाज ‘जवळ आला’ असे वाटून बरेच वाटते. घरी शांतपणे ऐकणाऱ्याला मात्र तानपुरा धापा टाकताना ऐकू येतो. शिवाय रेकॉर्ड झालेले कॉम्प्रेशन मिक्सिंगमध्ये काढता येत नाही.

म्हणून रेशो २:१ ठेवा. अटॅक (दाबायला लागणारा वेळ) २० ते ३० मिलिसेकंद ठेवा, त्याहून जलद केला की खटक्या-मुरकीची धार बोथट होते. रिलीज (दाब सोडायला लागणारा वेळ) अगदी जलद नको. सेकंदाला आठ स्वरांच्या तानेत एक स्वर १२५ मिलिसेकंदांचा असतो. रिलीज ५० वर असला तर कॉम्प्रेसर प्रत्येक स्वराला उघडझाप करतो. तीनशे ते पाचशेच्या दरम्यान ठेवा. सगळ्यात जोरकस तानेला काटा दोन, फार तर तीन डीबी हलला पाहिजे, आणि आलापात तर तो हलताच कामा नये.

मग एक मिनिट रेकॉर्ड करा: थोडा आलाप, तार षड्ज, आणि एकदम थांबायचे, तानपुरा चालू ठेवायचा. हेडफोन लावून फक्त तानपुरा ऐका. गायक थांबल्यावर जोडीच्या तारा मोठ्या होत गेल्या तर थ्रेशोल्ड (जिच्या वर कॉम्प्रेसर दाबू लागतो ती मर्यादा) वर न्या. तरीही फुगत असेल तर कॉम्प्रेसर बायपास करा (सिग्नल त्यातून न नेता थेट जाऊ द्या) आणि माइक वीतभर मागे घ्या. त्यात कमीपणा काही नाही, अर्ध्याहून जास्त ख्याल मी बायपासवरच घेतो. गाणे चालू असताना लेव्हल बदलायची वेळ आली तर आउटपुटच्या नॉबला हात लावा. निव १०७३ सारख्या जुन्या कन्सोलमधल्या पट्टीवर (तिच्यात कॉम्प्रेसर नसतो) गेन पाच-पाच डीबीच्या टप्प्यांनी बदलतो, ती उडी रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट येते.

गेट (शांत जागी आवाज बंद करणारा) आणि डी-एसर (‘स’-‘श’ची धार कमी करणारा) बंद ठेवा. इक्यूचे जे काय करायचे ते मिक्सिंगमध्ये.

मिक्सिंगला हीच स्ट्रिप इन्सर्ट म्हणून (संगणकातला ट्रॅक स्ट्रिपमधून नेऊन परत आणायला) लावणार असाल तर जाऊन-येऊन लागणारा उशीर सॉफ्टवेअरकडून आधी मोजून घ्या. नाहीतर तबल्याच्या माइकमध्ये शिरलेला आवाज आणि हा ट्रॅक एकमेकांना खातात. बैठक संपली की नॉब हलवण्याआधी पॅनेलचा फोटो काढा आणि तो त्या गाण्याच्या फोल्डरमध्येच ठेवा.