शाळेला पत्र देण्याआधी

मागच्या वर्षी दहावीतल्या एका मुलीसाठी मी शाळेला पत्र दिलं. लहानपणापासूनचा संधिवात, तक्रार मुख्यतः गुडघ्यांची. 'जिने टाळावेत, पीटीतून सूट द्यावी, शक्य ती सवलत द्यावी' असं लिहिलं, शिक्का मारला आणि विसरलो. पूर्वपरीक्षेत तिचे दोन प्रश्न कोरे राहिले. "येत होतं सर, हातच चालेना." मनगटं सुजल्याची नोंद माझ्याच केसपेपरवर होती. लेखनिकाच्या, म्हणजे तिने सांगितलेली उत्तरं लिहिणाऱ्या मदतनिसाच्या, प्रस्तावाची मुदत तोवर उलटून गेली होती.

तर बालरोगतज्ज्ञ मंडळी, निदान आणि औषधं तुम्ही लिहालच. पालकांची संमती घ्या, वर्गात किती सांगायचं हे मुलीला विचारा. मग तिला टेबलाशी बसवून पाठ्यपुस्तकाचं पान उतरवायला द्या, घड्याळ लावून, किमान पंधरा मिनिटं. दोन ओळी सगळेच छान लिहितात. दहाव्या मिनिटाच्या सुमाराला अक्षर मोठं होत रेघेखाली घसरतं, पेन मुठीत जातं, मधूनच हात झटकला जातो. किती ओळी झाल्या, कितव्या मिनिटाला थांबली, हे आकड्यांत पत्रात यायला हवं. दुखणं गुडघ्याचं असलं तरी लिहायला लावा. "हात ठीक आहे" असं ती म्हणाली तरी लावा. ओपीडीत गर्दी असेल तर बाहेर सिस्टरांजवळ बसवा, पण लावा.

या आजारात सांधे सकाळी आखडतात, म्हणून सातच्या शाळेला उशीर झाला तर शेरा नको, हे स्पष्ट लिहा. मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषध आठवड्यातून एकदाच असतं आणि दुसऱ्या दिवशी मळमळतं; ते शनिवारी रात्री ठेवलं तर सोमवार बुडत नाही. डोळ्यांच्या तपासणीच्या तारखाही द्या, कारण यात डोळा लाल न होताही आत सूज असू शकते. वर्ग तळमजल्यावर, पुस्तकांचा दुसरा संच शाळेतच. पीटीतून सरसकट सूट देऊ नका. मूल बाकावर बसून राहतं आणि सांधे आणखी आखडतात. काय करायचं, काय नाही, ते सांगा.

'शक्य ती सवलत' हे शब्द तर नकोच. मुख्याध्यापकांनी त्याचं करायचं काय? केंद्राच्या 2018च्या दिव्यांग परीक्षार्थींसाठीच्या सूचनांत तासाला किमान 20 मिनिटं जादा होती, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास; असा आकडा घाला. नुसता वेळ पुरेल की लेखनिक लागेल, हे कशावरून ठरवणार? त्या पंधरा मिनिटांवरून. पुन्हा तेच सांगतोय, माहीत आहे.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत संधिवात नावानिशी नाही. दिव्यांगत्वाची मोजणी हालचालीच्या अडचणीवरून होते आणि सवलतींसाठी धरले जाणारे 40 टक्के अनेकदा भरत नाहीत. म्हणून "काही होणार नाही" असं पालकांना सांगून मोकळे होऊ नका. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या विकास कुमार या उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी स्पष्ट केलं की लेखनिकासाठी 40 टक्क्यांची अट लावता येत नाही. त्यानंतर 2022मध्ये केंद्राने 40 टक्क्यांखालच्या, पण लिहायला अडचण असलेल्या उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. प्रमाणपत्र मात्र सरकारी रुग्णालयाचं लागतं, आपलं लेटरहेड चालत नाही. तिथे पालकांबरोबर ते उतरवलेलं पान पाठवा. आजचं पान, जुनं नव्हे.

बोर्डाचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. मुदत जूनमध्येच विचारून ठेवा. लेखनिकाबरोबर सराव घटक चाचणीपासून. पत्र मराठीत, एका पानात. प्रत फाइलला. वर्गशिक्षक बदलले की नवं पत्र. आणि पाकीट चिकटवण्याआधी उघडून बघा, हाताबद्दलची ओळ आहे ना.