जाहाननं दार ओढून नेलं: माल्टाची लोकविद्या शिकताना

आई चर्चला पुढे निघते आणि लेकाला बजावते, "येताना दार ओढून घे." लेक दार बिजागऱ्यांतून उखडतो आणि रस्त्याभर फरफटत चर्चपर्यंत ओढत नेतो. माल्टाच्या लोककथांतल्या वेंधळ्या जाहानची ही गोष्ट. वर्गात ऐकली तेव्हा मला कुणी समजावून द्यावी लागली नाही, कारण आपणही दार ओढूनच घेतो! मी हरखून पहिल्याच निबंधात लिहिलं की हे तर आपल्याकडचंच. निबंध परत आला, त्यावर बाईंचा एकच शेरा होता: "सिसिलीचा जुफा वाचलास? अरबांचा जुहा?"

नव्यानं येणाऱ्याला मी हेच आधी सांगेन. सिसिली माल्टापासून शंभर किलोमीटरच्या आत आहे. माल्टी भाषा अरबीतून वाढली, तिच्यात सिसिलियन आणि इटालियन शब्दांची मोठी भर पडली, आणि ती लिहितात रोमन लिपीत. जाहान, जुफा आणि जुहा ही एकाच घरातली मंडळी. त्यामुळे तुलना आधी शेजाऱ्यांशी करायची, पुण्याकडे नंतर वळायचं. मराठीतलं साम्य खोटं नाही, पण ते वाक्प्रचाराचं आहे. गोष्ट इकडून तिकडे गेली असं त्यावरून ठरत नाही.

वाचनाची सुरुवात मानवेल माग्रींपासून करा. हे जेझुइट पाद्री. गावकऱ्यांच्या तोंडच्या गोष्टी त्यांनी माल्टी भाषेतच छापल्या, त्याही १९०२ पासून, म्हणजे शिकलेली मंडळी इटालियनमध्ये लिहीत होती त्या काळात. १९०७ साली ट्युनिशियात त्यांचं निधन झालं. त्याच सुमारास हान्स श्टुम आणि बेर्टा इल्ग यांचे संग्रह जर्मनीत निघाले, म्हणून थोडं जर्मन शिकाच. पुढे जोझेफ कासार पुल्लिचिनो यांनी या विषयाला अभ्यासाची शिस्त लावली. माल्टाच्या कथा आंतरराष्ट्रीय कथाप्रकारांच्या सूचीत बसवण्याचं काम जॉर्ज मिफ्सूद किर्कोप यांचं. ते हाताशी असलं की जाहानचे शेजारी शोधणं सोपं जातं.

पण पुस्तकांनी कान तयार होत नाही. लोकगायनाला तिथे 'आना' म्हणतात. लिहिताना सुरुवातीला दोन अक्षरं दिसतात, ती उच्चारतच नाहीत. त्यातला 'स्पिर्तु प्रोन्त' हा प्रकार म्हणजे जागच्या जागी रचलेले सवाल-जवाब. आठ-आठ अक्षरांच्या चार ओळी, यमक दुसऱ्या आणि चौथीत. दोन कडव्यांच्या मध्ये मुख्य गिटार एकटी पुढे येते, बाकीच्या ठेका धरून असतात, आणि तेवढ्या वेळात गायकाला उत्तर जुळवायचं असतं. कलगी-तुरा ऐकलेल्या माणसाला ती घालमेल लगेच ओळखू येते.

एका रविवारी झेयतूनमधल्या एका बारमध्ये मी बसले होते. दुसऱ्या गायकाच्या तिसऱ्या ओळीला सगळे पुढे झुकले. न राहवून मी शेजारच्या काकांना कुजबुजत अर्थ विचारला. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. चौथी ओळ पडली, लोक हसले, आणि माझ्या हाती काहीच लागलं नाही. रेकॉर्डर गिटारीशेजारी ठेवला होता, त्यामुळे घरी ऐकताना तारांखाली शब्द पुरते बुडालेले! तेव्हापासून मी गायकाच्या बाजूला बसते, गाताना गप्प राहते आणि संपल्यावर विचारते, "आजची भारी ओळ कुठली?" मग तीच ओळ चार जण चार तऱ्हांनी समजावून देतात.

आणखी एक अडचण येईल. इंग्रजी तिथली दुसरी राजभाषा असल्यानं परका चेहरा दिसला की लोक आपणहून इंग्रजीत बोलू लागतात. सभ्यपणे, पण हट्टानं माल्टी मागा. 'उच्चिया'चं वर्णन मला इंग्रजीत मिळालं ते दोन वाक्यांचं: पहिल्या वाढदिवसाला बाळापुढे पेन, जपमाळ, पुस्तक, अंडं असं काय काय मांडतात, ते जे उचलेल त्यावरून त्याचं पुढचं आयुष्य ओळखतात. शेजारच्या नान्नानं, म्हणजे आजीनं, तेच माल्टीत सांगितलं तेव्हा तिच्या पाचही मुलांनी काय उचललं आणि पुढे कोण काय झालं, हे सगळं आलं. उष्टावणात आपल्याकडेही बाळापुढे वस्तू मांडतात, हे मी त्या दिवशी वहीत समासात लिहिलं, निबंधात नाही.

नंतर एकदा त्याच नान्नाला मी सांगितलं की मराठीतही दार ओढूनच घेतात. ती डोळे पुसेपर्यंत हसली आणि लागोपाठ जाहानच्या तीन गोष्टी सांगून मोकळी झाली. त्यातली एक मला छापील संग्रहांत अजून सापडलेली नाही.