जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याने जवळचे फोटो कसे काढावेत

रेंजफाइंडर म्हणजे वेगळ्या खिडकीतून बघून, तिच्यातल्या दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा. त्यातला कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्री किंवा यशिका इलेक्ट्रो ३५ घ्या, लेन्स ८० सेंमीच्या आत फोकस होत नाही. लायका एम३वर बसणाऱ्या जुन्या ५० मिमी लेन्सपैकी बऱ्याच तर १ मीटरवरच थांबतात. माणसाच्या चेहऱ्याला एवढं पुरतं. पण १० सेंमी व्यासाचं जास्वंदीचं फूल या अंतरावरून टिपलं तर निगेटिव्हवर ते जेमतेम ५ मिमीचं उमटतं.

आणखी जवळ जायचं तर दोन वेगवेगळ्या अडचणी येतात. एक फोकसची आणि दुसरी चौकटीची, म्हणजे चित्रात नेमकं काय येईल याची. एसएलआरमध्ये आपण लेन्समधूनच बघतो, त्यामुळे दोन्ही एकदमच सुटतात. रेंजफाइंडरमध्ये बघायची खिडकी वेगळी आणि चित्र घेणारी लेन्स वेगळी. म्हणून कोणतीही जुनी क्लोज-अप जोडणी विकत घेण्याआधी विचारा: ही फक्त फोकस जवळ आणते, की चौकटही सुधारते? या एका प्रश्नाने बरेच पैसे वाचतात.

जुन्या कंपन्यांनी काय काय केलं होतं

लायका बनवणाऱ्या लायट्झची ‘नूकी’ ही जोडणी कॅमेरा आणि घडीच्या एल्मार लेन्सच्या मध्ये बसते आणि साधारण ४५ सेंमीपर्यंत नेते. दोन प्रतिमा जुळवणारी यंत्रणा (तिलाही रेंजफाइंडरच म्हणतात) तिच्याशी जोडलेली राहते आणि खिडकीपुढच्या काचेमुळे चौकटही बरीच जागेवर येते. (लायट्झच्या जुन्या वस्तूंना अशी पाच रोमन अक्षरांची नावं असत, कारण तारेने मागणी नोंदवताना तीच वापरली जात.) १९५६मध्ये आलेली ‘ड्युअल रेंज’ सुमिक्रॉन ही लेन्स माझ्या मते या सगळ्यांत सुरेख. तिच्यावर चष्म्यासारखी जोडणी चढवली की ८८ ते ४८ सेंमीपर्यंत नेहमीसारखंच दोन प्रतिमा जुळवून फोकस करता येतं. झाइसच्या ‘कॉन्टामीटर’ची रीत निराळी. ५०, ३० आणि २० सेंमीसाठी तीन भिंगं आणि ॲक्सेसरी शूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत, बसणारा स्वतंत्र छोटा रेंजफाइंडर. फोग्टलेंडरनेही जवळच्या फोटोंसाठी ‘प्रॉक्सिमीटर’ आणला.

या वस्तू ठरावीक कॅमेऱ्यांसाठीच बनवलेल्या आहेत आणि संग्राहकांमुळे महागही झाल्या आहेत. म्हणून पुढची कृती साध्या, पुढे फिरवून बसवायच्या क्लोज-अप भिंगाची आहे. तेही तितकंच जुनं साधन आहे, आणि कुठल्याही रेंजफाइंडरला चालतं.

भिंग निवडा, अंतर ठरवा

भिंगावर +१, +२, +३ असे आकडे असतात, ते डायॉप्टर, म्हणजे भिंगाची ताकद. लेन्स अनंतावर (∞ या खुणेवर) ठेवली, तर १०० सेंमीला त्या आकड्याने भागलं की फोकसचं अंतर मिळतं: +२ला ५० सेंमी, +३ला ३३ सेंमी. हे अंतर भिंगापासून मोजायचं, फिल्मपासून नाही.

लेन्स नेहमी अनंतावरच ठेवा. ८० सेंमीवर आणून आणखी जवळ जाता येतं हे खरं, पण मग हिशेब तुटक होतो. शिवाय लेन्स अनंतावर असली की व्ह्यूफाइंडरमधल्या, म्हणजे बघायच्या खिडकीतल्या, चौकटीच्या सरकत्या रेषाही अनंताच्या जागी राहतात, आणि चौकटीचा पुढचा हिशेब त्यावरच उभा आहे. भिंगाचा आटा लेन्सला जुळायला हवा: कॅनोनेट जी-थ्रीला ४८ मिमी, इलेक्ट्रो ३५ला ५५ मिमी.

किती भाग चित्रात येईल हेही आधीच काढता येतं. फिल्मची रुंदी ३६ मिमी, तिला अंतराने गुणा आणि लेन्सच्या फोकल लेंग्थने भागा. ५० मिमी लेन्स आणि +३ भिंग असेल तर २४ × १६ सेंमी. इलेक्ट्रोच्या ४५ मिमीला सुमारे २७ × १८, कॅनोनेटच्या ४० मिमीला ३० × २०. एवढ्यात जास्वंद छान मावते. मुंगी टिपायची असेल तर हे साधन तिच्यासाठी नाही. +३ आणि +२ एकत्र लावता येतात, तेव्हा जास्त ताकदीचं भिंग लेन्सला लागून ठेवा. अंतर २० सेंमी होतं, पण कडा मऊ पडायला लागतात.

रोल भरण्याआधी तपासणी

ही पायरी गाळू नका. कॅमेऱ्याची पाठ उघडा, फिल्म जिथे सपाट बसते त्या पट्ट्यांवर ट्रेसिंग पेपरचा तुकडा ताणून चिकटपट्टीने धरा. शटरच्या पडद्याला किंवा पात्यांना चिकटपट्टी लागता कामा नये. शटर ‘बी’वर (दाबून धरेपर्यंत उघडं राहतं ती खूण), ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, पूर्ण उघडं, आणि लॉक होणाऱ्या केबल रिलीजने शटर उघडं धरा. आता लेन्सवर चढवलेल्या +३ भिंगापासून ३३ सेंमीवर छापील मजकुराचा कागद उभा करा. खोलीत अंधार आणि कागदावर दिवा असेल तर ट्रेसिंग पेपरवर उलटी प्रतिमा दिसेल. कागद थोडा पुढेमागे करा, अक्षरं सर्वांत धारदार होतील ते अंतर आणि दिसणारी चौकट लिहून ठेवा. भिंगावरचा आकडा नेमका असतोच असं नाही, म्हणून या मापावरच विश्वास ठेवा. पाठ न उघडणाऱ्या जुन्या स्क्रू-माउंट लायकांना हे जमत नाही. तिथे एक रोल चाचणीसाठी खर्च करावा.

मापाची तार

मिळालेलं माप आता कॅमेऱ्यालाच जोडायचं. ट्रायपॉडच्या आट्यात बसणारी एक पट्टी घ्या, तिच्यापासून पुढे जाड ॲल्युमिनियमची तार काढा आणि टोकाला चित्राच्या मापाची आयताची चौकट वाकवा. चौकटीचं मध्य लेन्सच्या समोर आणि अंतर मोजलेलं. तार चित्रात येऊ नये म्हणून आयत एक सेंटीमीटर मोठा ठेवा. आता व्ह्यूफाइंडरमध्ये बघायचीच गरज उरत नाही. फूल त्या आयताच्या पातळीत आणलं की फोकसही झाला आणि चौकटही. पाण्याखाली चालणाऱ्या निकोनॉस कॅमेऱ्याच्या क्लोज-अप संचात अशीच तारेची चौकट असे, आणि पाणबुड्या छायाचित्रकारांनी तिच्यावर वर्षानुवर्षं उत्तम काम केलं.

तार नको असेल तर ट्रायपॉड वापरा. अंतर फूटपट्टीने किंवा गाठ मारलेल्या दोऱ्याने मोजा आणि व्ह्यूफाइंडरमधून चौकट लावा. मग खिडकीच्या मध्यापासून लेन्सच्या मध्यापर्यंतचं आडवं आणि उभं अंतर जेवढं असेल तेवढा कॅमेरा सरकवा. बहुतेक कॅमेऱ्यांत खिडकी लेन्सच्या वर आणि मागून बघताना डावीकडे असते, म्हणून कॅमेरा वर आणि डावीकडे न्यायचा, न वळवता. आडवं अंतर ४ सेंमी असेल आणि चित्राची रुंदी २४, तर न सरकवल्यास चित्राचा सहावा भाग चुकतो.

ॲपर्चर आणि प्रकाश

५० मिमी आणि +३ला एफ/२.८वर पुढून मागे धारदार दिसणारा पट्टा ९ मिमीसुद्धा नसतो (एफचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान). एफ/८वर तो अडीच सेंमीच्या आसपास, एफ/१६वर सुमारे ५ सेंमी. छिद्र एफ/८पेक्षा जास्त उघडू नका. ४०० आयएसओची फिल्म असेल तर लख्ख उन्हात एफ/१६ आणि १/५०० सेकंद मिळतं, वाऱ्यावर डुलणारं फूलही त्यात स्थिर होतं. क्लोज-अप भिंगाने प्रकाश कमी होत नाही, एक्स्पोजर वाढवायला लागत नाही.

लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये नळी किंवा कडी घातली तर मात्र वाढवावं लागतं, कारण लेन्स फिल्मपासून लांब जाते. फिल्मवर निम्म्या आकाराच्या चित्राला सव्वादोन पट, म्हणजे एका स्टॉपपेक्षा थोडा जास्त (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). मूळ आकाराला चौपट, म्हणजे पूर्ण दोन स्टॉप.

विकत घेताना

चोरबाजारात असो वा ऑनलाइन, जुन्या भिंगामागून मोबाइलचा टॉर्च मारून बघा. कोकणपट्टीच्या दमट हवेत काचेवर कोळिष्टकासारखी बुरशी धरते. साधं एका काचेचं भिंग पुसता येतं, पण दोन काचा चिकटवलेल्यात ती आत शिरली असेल तर सोडून द्या. घरी आणल्यावर सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा.

घरातली जुनी पत्रं, मोडीतले कागद किंवा निगेटिव्ह यांची नक्कल करायची असेल, तर मात्र तारेपेक्षा लायट्झचे नकलेचे स्टँड सरस. ‘बूवू’ चार पायांवर उभा राहतो आणि ए४, ए५, ए६ कागदासाठी त्याची मापं ठरलेली आहेत. ‘बिऑन’ ५० मिमी लेन्सने मूळ आकारापर्यंत नेतो, आणि आज अनेकजण त्यावर डिजिटल कॅमेरा लावून निगेटिव्ह उतरवून घेतात. कागद सपाट राहावा म्हणून वर स्वच्छ काच ठेवा, दोन्ही बाजूंनी सारखे दिवे ४५ अंशांवर लावा, आणि छताचा दिवा बंद करा, नाहीतर तो काचेत दिसतो.