एअर-कूल्ड बीटल तापतेय? इंजिन उघडायच्या आधी हे बघा

जुन्या फोक्सवॅगन बीटलला रेडिएटरच नाही, म्हणून तापली की पहिला प्रश्न एकच, हवा नीट जातेय का. फॅन बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबून बघा, साधारण दीड सेंटीमीटर आत गेला तर ठीक, त्याहून ढिला असेल तर फॅन हवा तेवढा फिरत नाही. हाच बेल्ट जनरेटरपण फिरवतो, त्यामुळे चालताना चार्जिंगचा लाल दिवा लागला तर बेल्ट तुटून फॅनही थांबला असू शकतो, बॅटरीचं नंतर बघू, आधी बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

मग इंजिनाभोवतीचे पत्रे आणि रबरी सील. काही जण 'मोकळी हवा मिळेल' म्हणून हे काढूनच टाकतात आणि होतं बरोबर उलटं, खालची गरम हवा वर येते आणि फॅन तीच परत ओढतो. गाडी बरेच दिवस उभी होती का? मग फॅन हाउसिंगच्या आत उंदराचं घरटं नाही ना तेही बघा, खरंच सापडतं.

हवा ठीक असेल तर इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ), जास्त अॅडव्हान्स झालं, म्हणजे ठिणगी फार लवकर पडली, की हेड (सिलिंडरवरची झाकणं) तापतात. कार्ब्युरेटरचं मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) असेल किंवा मॅनिफोल्ड (ते मिक्श्चर इंजिनात नेणारी नळी) कुठे हवा खात असेल तरी तेच.

जुन्या मॉडेलांत ऑइल कूलर फॅन हाउसिंगच्या आतच उभा असतो आणि 3 नंबर सिलिंडरची हवा अडवतो, म्हणून थंड इंजिनावर वाल्व क्लिअरन्स (वाल्व आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधला गॅप, 0.15 मिमी) तपासताना तिथला एक्झॉस्ट वाल्व नीट बघा, दरवेळी गॅप कमी झालेला मिळत असेल तर वाल्व ताणला जातोय, अशी गाडी पळवू नका, हेड उतरवा.