जंगल राखल्याचा परिणाम मोजताय? या चुका टाळा

शिरपूर-चोपड्यापासून धडगाव-अक्कलकुव्यापर्यंत सातपुड्यात जंगल राखणारी गावं कमी नाहीत. कुठे कुऱ्हाडबंदी आहे, कुठे चराईबंदी, कुठे सामूहिक वनहक्क मिळालेली ग्रामसभा. राखण मनापासून होते आणि मोजणी वाया जाते, कारण चुका दरवेळी त्याच. अहवालात आकडे भरपूर असतात, पण राखल्यामुळे नेमकं काय बदललं ते त्यातून कळत नाही.

पाऊस मोजला आणि काम समजलं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. २०१८ मध्ये राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यात खानदेशातले बरेच होते. २०१९ ला पाऊस भरपूर झाला. ज्या प्रकल्पाची पहिली नोंद २०१८ च्या नोव्हेंबरातली आणि दुसरी पुढच्या नोव्हेंबरातली, त्याचा उपग्रह-नकाशा हिरवा दिसणारच. कुणी एक रोप लावलं नसतं तरी दिसला असता. सुकाळात सुरू होऊन दुष्काळात संपलेलं चांगलं काम याच हिशेबाने फुकट गेलेलं ठरतं.

यावर उपाय म्हणजे राखलेल्या टेकडीबरोबर न राखलेली टेकडीही मोजायची. समजा, राखलेल्या टेकडीचा एनडीव्हीआय, म्हणजे उपग्रहचित्रावरून काढलेला हिरवेपणाचा आकडा, ०.४२ वरून ०.५८ झाला. न राखलेलीचा ०.४० वरून ०.५३ झाला. पहिली ०.१६ ने वाढली, दुसरी ०.१३ ने. कामाच्या नावावर जेमतेम ०.०३ टाकता येतात. आकडा लहान दिसतो म्हणून तो लपवू नये, खरा तोच आहे.

जोडीची टेकडी निवडताना उताराची दिशा, मुरमाची खोली आणि सुरुवातीची झाडोऱ्याची दाटी सारखी हवी. उत्तर उताराशी दक्षिण उतार जोडला तर तुलना तिथेच फसते. अगदी लागूनची टेकडीही घेऊ नका. एका गावाने कुऱ्हाडबंदी केली की सरपणाचा आणि गुरांचा भार शेजारच्या रानावर सरकतो. ते रान उजाड होतं आणि आपलं काम आहे त्याहून मोठं दिसतं. तो सरकलेला भार वेगळा मोजून अहवालात लिहायला हवा. शेजारच्या गावाने आपल्या राखणीची किंमत मोजली असेल, तर ते सांगणं आपलं कर्तव्य आहे.

उपग्रहचित्र निवडतानाही घाई नडते. पावसाळ्यात ढग असतात आणि मे महिन्यात साग उघडा पडतो. अंजनाला मात्र एप्रिलच्या सुमारास नवी पालवी फुटते, त्यामुळे अंजनाचं रान मार्चपेक्षा मेमध्ये हिरवं दिसू शकतं. दोन्ही वर्षांची चित्रं ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर या काळातली घ्या आणि तारखांत दहा-पंधरा दिवसांपेक्षा जास्त फरक ठेवू नका. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका (पिक्सेल) जमिनीवर १० मीटरचा असतो, लँडसॅट उपग्रहाचा ३० मीटरचा. एका वर्षी हे आणि दुसऱ्या वर्षी ते, असं करू नका. हद्दही आधी तपासा. रावेर-यावलकडे जंगलाच्या कडेला केळीच्या बागा आहेत. हद्दीची रेघ चार ठिपके सरकली की केळी जंगलात जमा होते. घरबसल्या एका दुपारी नकाशा काढून ‘वनाच्छादन वाढलं’ लिहिणाऱ्यांनी ती हद्द एकदा पायी फिरून पाहावी.

एका थुटाचे सहा साग

सागाचं झाड तोडलं की थुटाला, म्हणजे जमिनीत उरलेल्या बुंध्याला, फुटवे येतात. मोजणारा नवखा असेल तर तो प्रत्येक फुटवा स्वतंत्र झाड म्हणून लिहितो. तोड जितकी जास्त तितकी झाडांची संख्या जास्त, असा उलटा निकाल हाती येतो. राखलेल्या रानात याउलट घडतं. फुटवे एकमेकांना दाबतात, एक-दोन जोमाने वाढतात, बाकीचे मरतात आणि कागदावर झाडं घटतात. मग ग्रामसभेला विचारलं जातं की तुमचं जंगल कमी का झालं. ज्यांनी आळीपाळीने रात्री रानात पहारा दिला त्यांना असा प्रश्न ऐकावा लागणं हा अन्याय आहे.

म्हणून तक्त्यात तीन रकाने ठेवा: बियांपासून आलेली रोपं, थुटाचे फुटवे आणि मूळ झाडं. फुटवे मोजताना आधी थूट मोजायचं, मग त्यावरचे फुटवे. ताजं थूट आणि जुनं थूट वेगळं लिहायचं, कारण तोड थांबली की नाही हे ताज्या थुटांवरूनच कळतं. गुरं ज्यांचा पाला खातात अशा झाडांची बियांची रोपं गुडघ्याच्या वर जाताना दिसली तर चराईबंदी पाळली जाते आहे असं समजा.

प्लॉट पुन्हा न सापडणं

शंभर हेक्टरला पंधरा-वीस कायमचे प्लॉट, म्हणजे दरवेळी मोजायचे तेच ते चौकोन, तरी हवेत, आणि जागा नकाशावर चौकट टाकून आधी ठरवायच्या. रानात गेल्यावर ‘ही जागा बरी आहे’ म्हणून प्लॉट टाकला की तो वाटेजवळच पडतो. झाडांसाठी २० × २० मीटर, झुडपांसाठी आत ५ × ५, गवत-रोपांसाठी १ × १. कर्ण २८.२८ मीटर भरला तरच चौकोन काटकोनात आहे. उतारावर टेप जमिनीला टेकवून २० मीटर मोजले तर प्लॉट लहान होतो. २० अंशांच्या उतारावर २१.२८ मीटर आणि ३० अंशांवर २३.०९ मीटर धरावे लागतात.

कोपऱ्यांना लोखंडी सळई ठोकू नका, ती भंगारात जाते. दगडांची रास करून रंग द्या. जवळची दोन ठळक झाडं साक्षीदार म्हणून निवडा आणि त्यांचं अंतर व दिशा वहीत लिहा. मोबाईलचा जीपीएस दाट झाडीत किंवा नाल्यात सहज दहा मीटर चुकतो. म्हणजे अर्धा प्लॉट गेलाच.

खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर घ्यायचा, उतारावर वरच्या बाजूला उभं राहून. मोजलं तिथे रंगाचा पट्टा ओढा. कोरड्या रानात झाड वर्षाला फारसं जाड होत नाही. टेप चार बोटं वर-खाली झाला किंवा तिरका बसला तर वर्षाची सगळी वाढ त्या चुकीतच हरवते.

जगलेल्या रोपांची टक्केवारी

एक हजार रोपं लावली, चारशे मेली, आणखी तीनशे लावून नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरल्या, मे अखेर सातशे जिवंत. अहवालात ७० टक्के येतात. लावली एकूण १३००, म्हणजे जगली ५४ टक्के. नांग्यांची रोपं वेगळ्या रंगाने खुणावा. गणती ऑक्टोबरात करू नका, तेव्हा सगळंच हिरवं असतं. पहिला उन्हाळा काढल्यावर, मृगाच्या आधी मोजा. रस्त्याकडच्या ओळींवर थांबू नका, सलग समतल चरांच्या वरच्या टोकाला जा, रोपं तिथेच मरतात.

थोडक्यात काही

उपग्रहाला आग जाणवली की नकाशावर ठिपका येतो, पण असे ठिपके म्हणजे जळालेलं क्षेत्र नव्हे. वणवा अडवायला मुद्दाम आखलेली जाळरेषा जाळली किंवा शेजारच्या शेतात पाचट पेटवलं तरी ठिपका येतो. जळालेल्या कडेने चालत जाऊन हद्द नोंदवा.

बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेत पाणवठ्यावर जास्त प्राणी दिसले म्हणजे ते वाढले असं नाही. आसपासचे पाणवठे आटले असतील तरी तसंच दिसतं. कॅमेरा लावला असेल तर नोंद १०० कॅमेरा-रात्रींमागे लिहा (एक कॅमेरा एक रात्र चालला की एक कॅमेरा-रात्र).

विहिरीचं पाणी काठापासून मोजा, मे अखेर आणि ऑक्टोबर अखेर. त्या वर्षी शिवारात पाणी उपसणाऱ्या किती मोटारी वाढल्या हेही लिहा.

‘इतके चर खोदले, इतकी रोपं लावली’ ही केलेल्या कामाची यादी आहे. परिणाम त्यानंतर मोजायचा असतो.

बैठकीत ‘जंगल वाढलं ना?’ असं विचारलं तर सगळे ‘हो’च म्हणतात. त्याऐवजी सरपण आणणाऱ्या बायांना पावरीत, भिलीत नाहीतर अहिराणीत विचारा: मोळी कुठून आणता, किती वेळ लागतो, मोळीत कोणतं लाकूड असतं? शिवाय बाजाराच्या दिवशी आणि एखाद्या साध्या दिवशी रानाच्या वाटेवर बसून मोळ्या मोजा.

दोन वर्षांच्या प्रकल्पाने बारीपाड्याशी तुलना मांडू नये. साक्री तालुक्यातलं ते जंगल नव्वदच्या दशकापासून राखलं जातंय. दोन वर्षांत फार तर ताजी थुटं कमी झालेली, गवत वाढलेलं आणि रोपं टिकलेली दिसतील. झाडांचा घेर आणि छत्र बोलायला आठ-दहा वर्षं लागतात. त्यासाठी पहिली मोजणी काम सुरू होण्याआधीच व्हायला हवी, आणि प्रकल्पाची माणसं निघून गेली तरी वही गावात राहायला हवी. वहीच्या दोन प्रती करा. एक ग्रामसभेच्या कपाटात ठेवा, दुसरी गावातल्या अशा दोन तरुणांकडे द्या जे पहिल्या मोजणीला टेप धरून सोबत होते.