अ‍ॅडमिन हक्कांचा शॉर्टकट
कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायची विंडोजची खिडकी, म्हणजेच 'सीएमडी') 'एसएफसी स्कॅननाऊ' ही विंडोजच्या सिस्टिम फाइल तपासणारी आज्ञा चालवली की विंडोज अडवतं : आधी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर व्हा! दर वेळी राइट क्लिक करत बसण्यापेक्षा डेस्कटॉपवर 'सीएमडी'चा शॉर्टकट करा. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शॉर्टकट' टॅबवर 'अ‍ॅडव्हान्स्ड' बटण आहे. तिथे 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'वर टिक करा, दोन्ही खिडक्यांत ओके. झालं.

इतर प्रोग्रामना 'कम्पॅटिबिलिटी' टॅबवरही अशीच टिक असते, पण ती मूळ प्रोग्रामलाच चिकटते, मग तो कुठूनही उघडा. म्हणून मी ती टाळतो. 'यस की नो' विचारणारी खिडकी मात्र तरीही येणार. वैताग आला तरी सेटिंगमधून ती कायमची बंद करू नका. ब्राउझरला तर असा शॉर्टकट चुकूनही नको.