घाटात दम सोडणारी गाडी आणि अडकलेला रिकॉल

चाळीसगावहून कन्नड घाट चढताना आमची डिझेल एसयूव्ही मध्येच ओढायची बंद व्हायची. इंजिनचा पिवळा दिवा लागायचा आणि ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी उचल खायची नाही. मागे गाड्यांची रांग, आत आई आणि पोरं. जीव नुसता टांगणीला लागायचा.

सर्व्हिस सेंटरने खापर डिझेलवर फोडलं. जळगावच्या आमच्या जुन्या मिस्त्रींनी मात्र स्कॅनर लावला. कोड आला पी००८७, म्हणजे फ्युएल रेलमध्ये, इंजेक्टरना दाबाखालचं डिझेल पुरवणाऱ्या नळीत, प्रेशर कमी. फिल्टरमधलं डिझेल त्यांनी पांढऱ्या फडक्यावर ओतलं, तर उन्हात चांदीसारखा बारीक चुरा चमकला. "भाऊ, हायप्रेशर पंप आतून झिजतोय."

आरसीवरचा १७ अक्षर-आकड्यांचा चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला. पंपाचा रिकॉल निघालेला होता, म्हणजे त्या दोषासाठी कंपनीनेच गाड्या परत बोलावल्या होत्या! तरी सेंटरवर एकच पालुपद, "पार्ट आला नाही." मग तोंडी बोलणंच बंद केलं. जॉबकार्डवर तक्रार आणि रिकॉल दोन्ही लिहून घेतलं, फोटोंसह कंपनीला ईमेल केला, त्यात २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं रिकॉलचं कलम ११०अ घातलं आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली. तेव्हा कुठे पार्ट हलला.

नुसता पंप बदलून घेऊ नका. तो चुरा इंजेक्टरमध्ये जातो, रिटर्न लाइनने टाकीतही पोचतो. टाकी धुऊन, रेल आणि इंजेक्टर तपासून, नवा फिल्टर बसल्यावरच मी गाडी ताब्यात घेतली. बिल शून्य, आणि केलेलं प्रत्येक काम त्यावर लिहिलेलं.